तुमच्या वाटेवर कोण बसतं? देवचार, चकवा, शनिवारवाडा आणि गावोगावच्या गोष्टी

सड्यावरची

आजी जाऊन या शिमग्याला दोन वर्षं झाली. तिच्याबरोबर काय काय गेलं ते आता एकेक करून लक्षात येतंय, म्हणून हा धागा काढतेय.

आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचं. बाजारातून घरी येताना वहाळ ओलांडायच्या आधी वाटेच्या डाव्या अंगाला गुडघ्याएवढा काळा दगड होता. शेंदूर नाही, देऊळ नाही, काही नाही. आजी तिथं थांबायचीच. डोक्यावरची पाटी न उतरवता एका हातानं कुड्याची डहाळी मोडायची, दगडावर टाकायची आणि म्हणायची, “येतंय रे बाबा. नात आसा वांगडा.” मी विचारायची, कोण आहे तिथं? ती म्हणायची, “वाटेवरचो.” बस्स. नाव कधी सांगितलं नाही. मी एकदा ‘भूत’ म्हटलं तर पाठीत धपाटा मिळाला. “भूत वेगळा आणि राखणदार वेगळो.”

इंटरनेटवर कोकणातल्या भुतांच्या याद्या ढीगभर आहेत. हडळीचे पाय उलटे, खवीस अमुक, झोटिंग तमुक. त्या वाचल्या की मला फार हळहळ वाटते, कारण त्यात जागाच नसते. कुठला पिंपळ? कुठला वहाळ? कोणी कोणाला सांगितलं? कृपा करून इथे लिहाल तेव्हा एवढं नक्की लिहा: जागा कोणती, गोष्ट कोणाच्या तोंडून ऐकली, आणि तिथून जाताना लोक नेमकं काय करायचे. विश्वास ठेवता की नाही हे सांगितलं नाही तरी चालेल.

रानवाट

धागा काढलास ते फार चांगलं केलंस. तुझी आजी अगदी बरोबर बोलली. आमच्याकडे सावंतवाडीच्या अंगाला देवचाराला कोणी भूत म्हणत नाही. तो गावच्या सीमेचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला ‘राखण’ द्यायची, म्हणजे कोंबा (कोंबडा) आणि नारळ. गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य म्हणतो आणि सगळे मिळून “व्हय म्हाराजा” म्हणतात. “बारा गावच्या, बारा राठीच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा…” असं सुरू झालं की आजही अंगावर काटा येतो. हे गाऱ्हाणं नीट ऐकलं तर त्यात कोणाची कोणती हद्द ते सगळं येतं. गावाचा नकाशाच म्हण.

यातला सगळ्यात मोठा राखणदार म्हणजे तुझ्याच तालुक्यातला आरवलीचा वेतोबा. पुरुषभर उंचीपेक्षाही उंच मूर्ती, आणि त्याला नवसाच्या वाहायच्या त्या चामड्याच्या वहाणा आणि केळ्यांचे घड. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा त्या वहाणा पाहिल्या. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या हातापेक्षा लांब होत्या. वडील म्हणाले, रात्री हा सगळ्या गावातून फिरतो, म्हणून तळ झिजतात. मी एका वहाणेची टाच बघत राहिलो. एका बाजूनं खरंच जास्त खाली गेलेली होती. ती टाच अजून डोळ्यांपुढे आहे.

इतर ठिकाणी वेताळ म्हणजे स्मशानातला, भुतांचा राजा. आरवलीत तोच घरच्या वडीलधाऱ्यासारखा. मुंबईला नोकरीवर जाणारा माणूस त्याला सांगून जातो.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या वाड्याच्या मागे पिंपळावर मुंजा होता. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत वारलेला मुलगा, असं सांगत. आमच्या काकू त्याला घाबरायच्या नाहीत, वाईट वाटून घ्यायच्या. घरात कोणाचीही मुंज असली की मातृभोजनातला एक घास पानावर काढून पाराजवळ ठेवायच्या. मुलगा कोणाचा होता हे काकूंनाही माहीत नव्हतं. त्यांच्या सासूबाईंनी ठेवला म्हणून त्या ठेवायच्या.

सड्यावरची

@वाचनमात्र, हेच हवं होतं. भीतीपेक्षा हा घास मोठा आहे. पार अजून आहे का?

वाचनमात्र

पिंपळ आहे. वाडा नाही. त्या जागी आता इमारत झाली, पिंपळ मात्र तोडायला कोणी तयार होईना, म्हणून कुंपणाची भिंतच वाकडी घेतलीय.

कातळशिल्प

माझ्या आजोबांना चकवा लागला होता. राजापूरच्या वरच्या सड्यावर, आषाढात. सडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: मैलोनमैल सपाट जांभा दगड, झाड नाही, घर नाही, आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत. आजोबा संध्याकाळी निघाले ते पहाटेपर्यंत चालत होते. तीन वेळा त्याच एका पाणी साचलेल्या खळग्यापाशी आले. शेवटी वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं आठवलं. सदरा काढून उलटा घातला आणि खाली बसले, उजाडेपर्यंत उठले नाहीत. उजाडल्यावर पाहिलं तर वाडी हाकेच्या अंतरावर.

२००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. माणसांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि उपग्रहाच्या मदतीनं त्यांचा माग काढला. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. आभाळ भरून आलं की गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर यायला लागले, आणि त्यांना वाटत होतं आपण सरळच चाललोय. डोळे बांधले तर वर्तुळ आणखी लहान. हे वाचलं तेव्हा आजोबांची फार आठवण झाली. उपाय बघा ना, ‘खाली बस, उजाडेपर्यंत हलू नकोस’. त्या सड्याला कड्याची बाजू आहे.

रानवाट

प्रयोग मान्य. पण सदरा उलटा का घालायचा, त्याचं काय? प्रत्येक गोष्टीला असं उत्तर चिकटवलं की गोष्ट संपते, असं मला मनापासून वाटतं.

कातळशिल्प

संपत नाही रे. मला तर ती आणखी खरी वाटायला लागली. सदरा उलटा घालायचा तर थांबावं लागतं, बटणं सोडावी लागतात, श्वास जागेवर येतो. घाबरलेल्या माणसाला नुसतं ‘बस’ म्हटलं तर तो बसेल का? हे माझं मत, पुरावा नाही.

कसब्यातला

पुण्याचं कोणीच कसं लिहिलं नाही? शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलोय, म्हणून लिहितो. अमावास्येच्या रात्री (कोणी पौर्णिमा म्हणतं) वाड्यातून “काका, मला वाचवा” अशी हाक येते, हे आम्हाला दुधाच्या वयापासून पाठ.

आता नोंदी बघा. नारायणरावांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला, सोमवारी. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे ना अमावास्या ना पौर्णिमा. आणि रात्र तर मुळीच नाही, भर दुपारी. गणपतीचे दिवस, पगार थकलेले गारदी आत घुसले, सुमेरसिंग त्यांचा पुढारी. पेशवा पळत काकांच्या खोलीत गेला आणि राघोबादादांना मिठी मारली. वय जेमतेम अठरा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी पुढे राघोबांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्या बाईला आपण अडीचशे वर्षं एका अक्षरावरून शिक्षा देतोय, हे मला नेहमी खुपतं. त्या वाड्यात लेखणी हातात असलेली ती एकटीच होती का?

मला सगळ्यात जास्त कशानं गलबलतं सांगू? ज्या दारातून त्याचं शव बाहेर काढलं त्याला नारायण दरवाजा म्हणतात. लोक दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढतात आणि परत जातात. हे दार बाजूला, बुटकं, मुकाट. १८२८ च्या आगीत वाडा आतून सगळा जळाला, दरवाजे आणि तट राहिले.

तर या गोष्टीनं वेळ बदलली. दुपारची रात्र केली, त्रयोदशीची अमावास्या केली. जागा मात्र तीच ठेवली.

ग्रहणवेडा

कसब्यातला यांचं शेवटचं वाक्य वाचून उठून बसलो. माझ्याकडे याचं अगदी तंतोतंत उदाहरण आहे, भुताचं नाही, ग्रहणाचं.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. गडावर कोणीही सांगेल: १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण झालं, लॉकियर साहेबानं या कट्ट्यांवर दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लावला. दरवर्षी त्या तारखेला गडावर हेलियम दिनही होतो. मी स्वतः गेलोय, कट्ट्यावर बसलोय, खाडीकडून येणारा वारा खाल्लाय.

पण त्या दिवशी नॉर्मन लॉकियर भारतात नव्हताच. १८६८ चं ग्रहण पाहायला फ्रान्सचा यान्सन आला होता, तो आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियरनं त्यानंतर दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये बसून ग्रहण नसताना सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातल्या पिवळ्या रेषेतून पुढे ‘हेलियम’ हे नाव आलं. पृथ्वीवर तो वायू हाती लागला १८९५ साली, रॅम्झेच्या प्रयोगशाळेत.

मग गडावरचे लोक खोटं बोलतात का? मुळीच नाही! लॉकियर विजयदुर्गाला आला होता, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. मोठी तुकडी, दुर्बिणी, मदतीला आरमारी जहाजाचे खलाशी, सगळा लवाजमा या गडावर उतरला होता. साहेब खरा, ग्रहण खरं, गड खरा. दोन ग्रहणांमधली तीस वर्षं तेवढी गळून पडली.

मला यात फसवल्यासारखं वाटलं नाही. उलट १८९८ ची हकिकत इतकी भारी आहे की तीच सांगावी. पौष अमावास्येच्या भर दिवसा अंधार झाला तेव्हा किल्ल्यावर पिढ्यान्‌पिढ्या ग्रहण पाळणारी गावची माणसं आणि तोफेसारख्या नळ्या आभाळाकडे रोखून बसलेले खलाशी शेजारी शेजारी होते.

सड्यावरची

@ग्रहणवेडा, मी हे कट्टे तीनदा पाहिलेत आणि तीनही वेळा १८६८ ऐकून आले. आता पुन्हा जाईन.

बंदरकाठ

मी अलिबागकडची. इथली गोष्ट भुताची म्हणून सांगतात, पण आमच्या घरात ती तशी कधीच सांगितली नाही.

१७ जुलै १९४७. गटारी अमावास्या. सकाळी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसला निघाली. सणाला घरी जाणारी माणसं, खचाखच. काशाच्या खडकाच्या आसपास पोचली तेव्हा वारा-पाऊस सुरू झाला, माणसं एका बाजूला सरकली आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. महिनाभरानं देश स्वतंत्र झाला आणि त्या धामधुमीत ही गोष्ट मागे पडली.

आमच्या आजेसासूबाई रेवसच्या. त्या दिवशी मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी समुद्रात माणसं पाहिली तेव्हा होडीतली मासळी पाण्यात लोटली आणि माणसं वर घेतली. आजेसासूबाई सांगायच्या की त्यांच्या घरात ओल्या माणसांना ठेवायला जागा उरली नाही, म्हणून सुकवायला टांगलेलं जाळंच खाली अंथरलं. हे त्या दर गटारीला सांगायच्या, आणि दरवेळी जाळ्यापाशी येऊन थांबायच्या.

आता खाडीवर रात्री हाका ऐकू येतात, दिवे दिसतात, असं पोरं सांगतात. मी त्यांना गप्प करत नाही. फक्त तारीख सांगते आणि जाळ्याची गोष्ट सांगते.

जुनीपानं

बंदरकाठ, वाचून काही वेळ नुसता बसून राहिलो.

जागेची नोंद ठेवावी हा सड्यावरचीचा आग्रह वाचून एक माणूस आठवला, त्याचा शेवट जरा विलक्षण आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात ज्याला गोळ्या घातल्या तोच. शाळेत आपण त्याला तेवढ्यापुरताच शिकतो. हा माणूस संस्कृत जाणणारा होता आणि त्यानं मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून गावोगावच्या समजुती गोळा करायला घेतल्या होत्या. भुतं, पाऊस, विहिरी, ग्रामदेवता, दृष्ट, सगळं. त्याच्या मागे ते कागद एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्यानं लावून छापले. कोकणाचा खंड १९१५ चा आहे.

त्या खंडाचं मोठेपण मला असं वाटतं की बऱ्याच उत्तरांखाली कोणत्या गावच्या शाळेतून ते आलं ते दिलंय. शंभर वर्षांपूर्वी कुणा मास्तरानं चिमणीच्या उजेडात बसून आपल्या गावची जखीण आणि समंध लिहून काढले. मास्तरांची नावं कोणाला ठाऊक नाहीत, गावं राहिली. आणि योगायोग असा की ज्या तरुणानं जॅक्सनला मारलं तो कान्हेरेही मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडकडचा, याच गोष्टींच्या मुलखातला. यातून कोणाची बाजू घ्यायची म्हणून लिहीत नाही. देशासाठी फासावर गेलेला तो अवघ्या अठराएक वर्षांचा पोरगा मला वंद्य आहे. कागदही मोलाचे आहेत.

लोणारकाठ

विदर्भातून हजेरी. आमच्याकडे लवणासुर. विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, अशी कथा. विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्का आदळून झालेलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा गावातली म्हातारी माणसं काठावर जाऊन हात जोडून उभी होती. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं, पाणी कमी होऊन खारटपणा वाढल्यानं एका प्रकारच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. माझी मावशी म्हणाली, “रक्त हाय म्हणून सांगतच होतो ना आमी.”

घाटमाथा

साती आसरा राहिल्याच की! आमच्याकडे मावळात प्रत्येक डोहावर सात दगड ओळीनं, हिरव्या बांगड्या नि खण वाहिलेले. त्यांची नावं जुन्या ग्रंथांत येतात: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. मासळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर. डोहात जे जे राहतं तेच देवी होऊन काठावर बसलंय. बाळंतिणीनं आणि तान्ह्या पोरानं तिकडे जायचं नाही. आमच्या डोहाचं पाणी वरून संथ दिसतं आणि आत खडकाखाली ओढ आहे. दोन वर्षांपूर्वी सहलीला आलेल्या मुलांना कोणीतरी हे सांगायला हवं होतं. पाटी होती, पण ‘पोहण्यास मनाई’ वाचून कोणी थांबत नाही. ‘आसरा नेतात’ ऐकून आम्ही मात्र थांबत होतो.

कसब्यातला

घाटमाथा, खरंय.

जाता जाता न परतलेल्या माणसाची एक गोष्ट. १४ जानेवारी १७६१, पानिपत. भाऊसाहेब गेले यावर कोणाचा विश्वास बसेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य स्वीकारलं नाही. मग एक माणूस उभा राहिला, ‘मीच सदाशिवराव’. कैदेत होता, १७७६ मध्ये सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले, हजारो लोक मागे गेले. शेवटी आंग्र्यांनी त्याला धरून दिलं आणि त्याच साली पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. त्याला तोतया म्हणतात. पण पंधरा वर्षांनी इतके लोक त्याच्या मागे का गेले असतील? सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणती नाही, असा निरोप ज्या घरांत आला होता, तिथं एक जरी माणूस परत येऊ शकतो असं दिसलं, तर दार कोण लावून घेईल?

रानवाट

सड्यावरची, तुझा तो वहाळाजवळचा दगड अजून आहे का? फोटो टाक ना.

सड्यावरची

@रानवाट, उशिरा उत्तर देतेय कारण मध्ये गावी जाऊन आले. तुझ्या प्रश्नामुळेच गेले असं समज.

दगड जागेवर नाही. रस्ता रुंद झाला, वहाळावर पूल आला, तेव्हा काम करणाऱ्यांनी तो उचलून कडेला टाकला होता. गावात मोठी बाचाबाची झाली. मग कौल लावला आणि दगड वरच्या अंगाला फणसाच्या झाडाखाली बसवला. आता त्याला शेंदूर आहे, छोटा चौथरा आहे, लाद्या आहेत. नारळ ठेवलेला होता. मी डहाळी टाकली, पण मला काही तिथं आजी दिसली नाही.

परत येताना चुलतभावाच्या बायकोच्या स्कूटरवर मागे बसले होते. फणस मागे पडला. पूल सुरू व्हायच्या आधी, डाव्या अंगाला जिथं आता नुसतं डांबर आणि पांढरा पट्टा आहे, तिथं तिनं वेग कमी केला आणि दोनदा हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं. मी विचारलं, कोणाला गं?

ती म्हणाली, “कोणाक नाय. हय वाजवतत सगळे.”